खेळाच्या पानावरचे शेजारी

कमल,

तुझी शोकसभा अडीच तास चालली. व्यासपीठावर नऊ जण होते. त्यातल्या निम्म्यांनी बोलायला उभं राहिल्यावर तुझं नाव फ्लेक्सवर वाचून घेतलं, आणि फ्लेक्सवर हॉल देणाऱ्याचं नाव तुझ्या नावापेक्षा मोठ्या टायपात होतं. 'न भरून निघणारी पोकळी' तिसऱ्या वक्त्यानं निर्माण केली, चौथ्यानं ती अथांग केली, आणि पाचव्यासाठी काहीच उरलं नसल्यामुळे त्यानं तुला चालताबोलता ज्ञानकोश म्हटलं. मी मागच्या रांगेत होतो. शेजारची खुर्ची सवयीनं रिकामी ठेवली होती. अशा सभांना आपण मागंच बसायचो, आणि वक्ता रंगात आला की तू हळूच म्हणायचीस, "वसंता, ह्याला कुणीतरी शंभर शब्दांत आणा रं."

सगळ्यात शेवटी मालक उठले. पेपर त्यांचा आहे म्हणून संपादकही तेच आहेत, हे तूच नव्या पोरांना समजावून सांगायचीस. त्यांनीही पोकळीपासूनच सुरुवात केली. मग मध्येच थांबले, हातातला कागद घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाले, "कमलताईंनी आमच्याकडे तीस वर्षं काम केलं. निवृत्तीनंतर आम्ही त्यांना सदर दिलं. एक दिवस त्यांनी ते बंद केलं आणि मला ओळख देणंच सोडलं. माझी आई गेली तेव्हा अख्ख्या शहरातून फोन आले. त्यांचा आला नाही. माझं काय चुकलं, ते मला आजपर्यंत कळलेलं नाही."

हे म्हणताना ते माझ्याकडे बघत होते. तुला सगळ्यात जवळचा मी, एवढाच त्याचा अर्थ होता. उत्तर मला माहीत होतं, कमल. मी चहा घ्यायला उठलो.

तो चहा काही मला पचला नाही. म्हणून हे लिहितो आहे. तुला जे चार वर्षांत सांगितलं नाही ते आता सांगतो. तू ऐकू शकत नाहीस याचा फायदा घेतो आहे, असं तुला वाटेल. वाटू दे. ते खरंच आहे.

आपण दोघं एकाच महिन्यात पेपरात लागलो. मी खेळाच्या पानावर, तू परदेशी बातम्यांवर. परदेशी बातम्या म्हणजे यंत्रातून येणाऱ्या लांबलचक इंग्रजी पट्ट्या फाडायच्या आणि त्यातल्या चार-दोन मराठीत करून कोपऱ्यात बसवायच्या. तुला ते काम दिलं तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं की तुला उर्दू वाचता येतं. तुझे वडील निजामाच्या काळात शाळेत गेले आणि ती शाळा उर्दूतली होती. राज्य बदललं, घर बौद्ध झालं, सगळं बदललं, पण हिशेबाला बसले की त्यांच्या तोंडून आकडे उर्दूतच यायचे. त्यांनी तुला पाटीवर अलिफ-बे गिरवायला लावलं तेव्हा तुझी आई म्हणाली, पोरीला हे कशाला. त्यावर ते म्हणाले, "शिकायचं ठरलं ना? मग लिपी कोणती ते इचारायचं नाय." हे तू मला पहिल्या आठवड्यात सांगितलंस आणि नंतरही पुष्कळदा. दर वेळी तुझ्या वडिलांचं वाक्य थोडं लांब व्हायचं. मी कधी टोकलं नाही.

साथ आली तेव्हा तू निवृत्त होऊन पुंडलिकनगरातल्या घरी गॅलरीतल्या कुंड्या सांभाळत होतीस आणि मी निवृत्तीला टेकलो होतो. एका आठवड्यात जगातलं सगळं खेळणं थांबलं. लोकांना दवाखाने, मजूर, बंद दुकानं दिसत होती. मला रोज आठ कॉलमचं रिकामं पान दिसायचं. जुन्या सामन्यांच्या आठवणी छापल्या, मग त्याहून जुन्या. एका दिवशी मी गल्लीतल्या कॅरमची बातमी केली. तेव्हा मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "कमलताईंना विचारा ना, आजूबाजूच्या देशांत पेपरवाले हे सगळं कसं छापतात ते लिहितील का. आठवड्याला एकदा. तुमच्या पानावर." ही कल्पना त्यांची होती. तू त्याचं श्रेय नेहमी मला दिलंस आणि मी ते राहू दिलं. बघ, तिथूनच सुरुवात आहे.

तू रोज सकाळी फोनवर लाहोर-कराचीचे उर्दू पेपर वाचायचीस, ढाक्याचे आणि कोलंबोचे इंग्रजी, आणि काठमांडूचे नेपाळी, लिपी आपलीच आहे म्हणून अंदाजानं. अडलं की क्रांती चौकाजवळ एका हॉटेलात काम करणाऱ्या नेपाळी माणसाला फोन करायचीस. हॉटेल बंद होतं, तो खोलीत अडकला होता, आणि तुला एका शब्दाचा अर्थ सांगता सांगता तो गावाकडचं सगळं सांगत बसायचा. तुझ्या सदराचा तो सगळ्यात मोठा वार्ताहर होता आणि त्याला ते माहीतही नव्हतं.

तुझी वाचायची रीत मला आधी खुळचट वाटली होती. पहिलं पान तू उघडायचीच नाहीस. "पहिलं पान सरकारचं, शेवटचं तुझं," म्हणायचीस, "माणसं मधल्या पानावर राहतात." तू वाचकांची पत्रं वाचायचीस, शाळांच्या सूचना, लग्नाचे हॉल रद्द झाल्याच्या जाहिराती, हरवलेल्या म्हाताऱ्यांचे फोटो. एका वहीत तू रेघा मारून चार रकाने केले होतेस: मंत्री, डॉक्टर, आजारी माणूस, रिकामा रस्ता. पेपरातला प्रत्येक फोटो कोणत्या रकान्यात बसतो ते टिपायचीस. महिन्याभरानं वही माझ्यापुढं टाकलीस. "बघ. चार देश, तीन भाषा. फीत सगळीकडं लालच."

खरंच प्रत्येक देशात कुणीतरी दवाखान्याच्या दारात फीत कापत होतं. तोंडाला पट्टी, हातात कात्री. मी म्हटलं, जगात तुटवडा नसलेली एकमेव गोष्ट. ते वाक्य तू सदरात घातलंस, माझ्या नावासकट. त्या दिवशी मी घरी जाऊन बायकोला तो अंक दाखवला.

पण तुझा खरा शोध वेगळा होता. तुझ्या ध्यानात आलं होतं की आपल्याकडं खाटा मिळत नाहीत हे आपल्या पेपरात आतल्या पानावर तीन ओळींत येतं आणि पलीकडच्या पेपरात सविस्तर येतं. त्यांच्याकडं मिळत नाहीत हे त्यांच्याकडं तीन ओळींत आणि आपल्याकडं फोटोसह. शिवाय प्रत्येकाच्या बातमीत साथ शेजारून आलेली असते. "म्हंजे स्वतःच्या गावात काय चाललंय ते कळायला दुसऱ्या देशाचा पेपर घ्यावा लागतोय," तू म्हणालीस. "वसंता, आपण अंक बदलून का घेत नाय त्यांच्याशी? आपला तिकडं टाकू, त्यांचा इकडं. दोन्हीकडच्या लोकांना खरं कळंल." मी म्हटलं, खप वाढेल. तू म्हणालीस, "तुझं डोकं खेळाच्या पानावरच राहणार."

ते खरं होतं, आणि तुला ते किती खरं आहे हे पुढच्याच आठवड्यात कळलं.

त्या उन्हाळ्यात माणसं कमी होती, म्हणून मला आतलं परदेशी पानही लावायला सांगितलं. सरहद्दीपलीकडच्या शहरांत दवाखाने भरून गेल्याची, लोक आजारी माणसाला घेऊन एका दारातून दुसऱ्या दारात फिरत असल्याची बातमी होती. जागा दोन कॉलम. माझ्या हाताला खेळाच्या मथळ्यांची तीस वर्षांची सवय होती आणि तीन महिने त्या हाताला एकही सामना मिळाला नव्हता. मी मथळा दिला: 'शेजाऱ्यांची दाणादाण'.

अक्षरं मोजून दोन कॉलमात नेमका बसला होता. डेस्कवर दोघा-तिघांनी पाठ थोपटली. दुसऱ्या दिवशी सकाळी तुझा फोन आला. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

"किती धावांनी?"

"काय?"

"हरले ना ते. किती धावांनी हरले? आतल्या बातमीत काय दिलं नाय तू."

मी हसलो. तू हसली नाहीस. मग मी माझी बाजू मांडली. दोन कॉलममध्ये काय बसतं ते तुला माहीत आहे, वाचक मथळा बघून थांबतो, कोरडं लिहिलं तर पान उलटतो. तू ऐकून घेतलंस. "वाचक काय तू सोडून दुसरा कुणी असतो का रं," म्हणालीस आणि फोन ठेवलास. हे भांडण आपण पुढं किती रविवार तुझ्या गॅलरीत केलं. माझं म्हणणं होतं की दुसऱ्या देशातलं दुःख वाचायला लोकांना वेळ नसतो, थोडं मीठमसाला लावावं लागतं. तुझं म्हणणं होतं, "तू वाढून तर बघ. न वाढताच म्हणतोस, पाव्हणा जेवत नाय."

दुसरी लाट आली ती आपल्याकडं. ती वर्णन करायची गरज नाही. या शहरात ज्यांनी ती पाहिली त्यांना सांगायला नको आणि ज्यांनी पाहिली नाही असं इथं कुणी नाही. आपल्या पेपरात श्रद्धांजलीच्या जाहिरातींचीच पानं वाढली, आणि खेळ पुन्हा सुरू झाले होते तरी माझ्या पानाचा खालचा अर्धा भाग त्यांना जायचा. तुझं सदर मात्र मालकांनी हलवू दिलं नाही. "ते राहू द्या," म्हणाले, "आई वाचते." त्यांची आई तेव्हा घरीच ऑक्सिजनवर होती. हेही मी तुला सांगितलं नव्हतं.

त्या आठवड्याचा तुझा मजकूर व्हॉट्सॲपवर आला. नेहमीसारखा, वहीच्या पानाचा फोटो, तिरक्या अक्षरात. सुरुवातीला तू लिहिलं होतंस की पलीकडच्या वाहिन्यांवर आपली हालत बघून टाळ्या पिटणारेही आहेत, 'आपल्याकडे होते तसेच, आणि आवाजही तेवढाच मोठा'. मग मधल्या पानाकडं वळली होतीस. एका उर्दू पेपरात मुलतानच्या एका बाईचं पत्र आलं होतं. ती मुलींच्या शाळेत शिकवते. ते तू पुरतं मराठीत केलं होतंस. आजही माझ्या फोनमध्ये आहे, तसंच उतरवतो:

'काल टीव्हीवर हिंदुस्तानातल्या एका दवाखान्याबाहेरचं दृश्य दाखवलं. रिक्षात एक बाई नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती आणि पदरानं वारा घालत होती. कॅमेरा पुढं गेला. मी नाही जाऊ शकले. गेल्या वर्षी माझी धाकटी बहीण आमच्याकडे अशीच बसली होती. दुआ मागताना माणसाचं नाव घेतात. मला त्या बाईचं नाव माहीत नाही, म्हणून मी रिक्षातली बाई एवढंच म्हटलं. ज्याला कळायला पाहिजे त्याला कळेल.'

त्याखाली तुझी दोन वाक्यं होती. 'गेल्या उन्हाळ्यात ही बहीण तशी बसली होती तेव्हा आपल्या पेपरानं त्या बातमीला सामन्यातला शब्द वापरला होता. तिला मराठी वाचता येत नाही, एवढंच बरं.'

तू माझं नाव घेतलं नव्हतंस. पेपराचंही नाही, 'आपल्या' एवढंच. डेस्कवर कुणाला आठवलंही नसतं. पण मला वाटलं की उद्या सकाळी या शहरातल्या प्रत्येक चहाच्या टपरीवर लोक तो जुना अंक शोधून काढतील आणि मथळा कुणी दिला ते विचारतील. आता आठवून हसू येतं. माझे मथळे लोक एक दिवसही लक्षात ठेवत नाहीत, ही तक्रार मी आयुष्यभर केली होती.

फक्त ती दोन वाक्यं काढली असती तर तू विचारलं असतंस, हीच का काढली. म्हणून मी पत्रासकट सगळा परिच्छेद काढला. रिकाम्या जागेत एका गोलंदाजाच्या दुखावलेल्या खांद्याची बातमी टाकली.

सकाळी तू फोन केलास. "पत्र कुठाय?"

मी म्हटलं, "मालकांनी काढलं. सरहद्दीपलीकडचं आहे ना. म्हणाले, सध्या नको."

मी हे वाक्य आधी तयार केलं नव्हतं, कमल. ते आपोआप आलं. मथळे यायचे तसंच, मोजून बसणारं.

तू म्हणालीस, "त्यांची स्वतःची आई ऑक्सिजनवर हाय ना रं?" म्हणजे तुला कुठून तरी कळलं होतं. मी म्हटलं, हो. तू म्हणालीस, "आन् तरी." एवढंच. त्या दिवशी तू मालकांना चार ओळींचं पत्र पाठवून सदर बंद केलंस. कारण लिहिलं नाहीस. तुझ्या मते त्यांना ते माहीत होतं. त्यांना वाटलं, तुझी तब्येत बरी नसेल. त्यांनी दोनदा फोन केला, तू उचलला नाहीस. पुढच्या महिन्यात त्यांची आई गेली.

कुणाच्या घरी कुणी गेलं की तू पहिली पोचायचीस. ओळख असो-नसो. जाता येत नसेल तर फोन करायचीस आणि 'ऐकून वाईट वाटलं' असलं काही न बोलता विचारायचीस, "घरात सैपाक कोण करतंय?" त्या वेळी मी वाट बघत होतो की तू करशील. तू केला असतास तर एका वाक्यात सगळं उघडं पडलं असतं. म्हणजे मला तुझा फोन जायला हवा होता आणि नकोही होता. तू केला नाहीस, आणि मला हायसं वाटलं. हे लिहायला मला या लेखातल्या बाकी सगळ्यापेक्षा जास्त वेळ लागला आहे.

नंतरची चार वर्षं आपण दर रविवारी भेटलो. तू मालकांवर बोलायचीस आणि मी तुझी समजूत घालायचो, "जाऊ दे गं, त्यांचीही अडचण असते." खोटं बोलणाऱ्या माणसाला मोठं मन दाखवणं किती सोपं असतं ते तेव्हा कळलं. तू मला म्हणायचीस, "तू लई मऊ हायेस. मालकाचं मीठ खाल्लं म्हणून कुठवर." मी कुंड्यांकडं बघत राहायचो. सांगायच्या संधी काही थोड्या नव्हत्या. एकदा तर जिभेवर आलं होतं, तर तू भाकरी वाढलीस आणि म्हणालीस, "तू होतास म्हणून ते सदर एवढं चाललं." त्यानंतर कुणाची हिंमत होईल? तुझी झाली असती, हे माहीत आहे मला.

आणि तरी त्या रविवारांसाठी मी किती ऋणी आहे, तेही सांगायला हवं. सदर बंद झालं तरी तू वाचायचं थांबवलं नाहीस. ढाक्यात डेंगी वाढला की तू मला सांगायचीस, काठमांडूत कोणत्या शाळेनं मुलांना लांब बाह्यांचे शर्ट घालायला सांगितलं ते सांगायचीस. मी मोठी माणसं, मोठी भाषणं, मोठे सामने यांच्यावर पोट भरलं. एखाद्या शहराकडं त्याच्या शाळेच्या सूचनेतून बघता येतं, हे मला साठीत तू शिकवलंस. आता मीही पेपर मधून उघडतो.

शेवटचं भेटलो ते दवाखान्यात. डायलिसिस चालू होतं, एक हात अडकलेला, दुसऱ्या हातात फोन. ढाक्याच्या एका पेपरातला रोजचा तक्ता दाखवलास, कोणत्या दवाखान्यात डेंगीचे किती जण, किती घरी गेले. "बघ, रोज छापतेत," म्हणालीस. "कुणी वाचत नसंल तरी छापतेत. हे मला लई आवडतं." मग डोळे मिटून पडलीस. मी म्हटलं, "कमल, एक सांगायचं होतं." तू म्हणालीस, "थोडं थांब, डोळा लागतोय." मी थांबलो. नर्सनं वेळ संपली सांगितलं. मी निघालो, आणि जिन्यात मला परत एकदा हायसं वाटलं. तेवढी माझी लायकी, बघ.

सभेच्या दुसऱ्या दिवशी मी पुंडलिकनगरात गेलो. प्रज्ञा घरीच होती. शेंद्र्याच्या कंपनीतून तिनं पुण्यानुमोदनापर्यंत सुट्टी घेतली आहे. तुझ्या लेकीला मी सगळं सांगितलं, उभ्या उभ्याच, म्हणजे तिनं बस म्हणायच्या आत. ती शांतपणे ऐकत राहिली. तुझ्यासारखीच, मध्ये 'हं' सुद्धा नाही.

मग म्हणाली, "काका, मालकांची आई गेली ना, तेव्हा आईनं दोनदा फोन हातात घेतला होता. मीच म्हटलं, अगं करून टाक. तर म्हणाली, त्या माणसानं कुणा परक्या बाईनं पाठवलेलं सांत्वन छापलं नाय. त्याला माझं कशाला पाहिजे."

मी तेव्हा खाली बसलो.

तिनं पाणी आणलं. मी म्हटलं, "तू मला शिव्या दे." ती म्हणाली, "मी कशाला देऊ. आई असती तर तिनं दिल्या असत्या आणि मग जेवायला बसवलं असतं. मला यातलं काहीच जमणार नाही आत्ता." थोड्या वेळानं म्हणाली, "मला सांगून काय उपयोग, काका? ज्यांना कळायला पाहिजे ते तिकडं ऑफिसात बसलेत."

म्हणून आज ऑफिसात गेलो. मालकांनी शाल-श्रीफळ देऊन निरोप दिल्यापासून मी तिथं पाय ठेवला नव्हता. केबिनमध्ये त्यांच्यामागं अजून त्या सगळ्या ट्रॉफ्या आहेत, ज्या ते दुसऱ्यांना देतात आणि दुसरे त्यांना. मी फोन काढून तुझ्या वहीचं ते पान त्यांच्यापुढं धरलं आणि सांगितलं. या वेळी बसूनच.

त्यांनी चष्मा लावून तुझं अक्षर वाचलं. दोनदा वाचलं. मला वाटलं होतं, ओरडतील. मी त्याची तयारीही केली होती. ते म्हणाले, "मी वाट बघितली होती त्यांच्या फोनची. आईला त्यांचं सदर आवडायचं. आईनं शेवटी शेवटी विचारलं होतं, त्या बाई का लिहीत नाहीत आता?"

त्यांनी फोन माझ्याकडे परत सरकवला.

"हे मी छापलं असतं का, वसंतराव?" त्यांनी मला विचारलं. खरंच विचारलं, टोमणा नव्हता. मी म्हटलं, माहीत नाही. ते म्हणाले, "मलाही माहीत नाही. कदाचित मीही काढलंच असतं. ते दिवस तसे होते आणि मी काही फार शूर माणूस नाही. पण मग त्या माझ्याशी भांडल्या असत्या. इथं, या खुर्चीसमोर उभं राहून. मी ऐकून घेतलं असतं. ते तुम्ही होऊच दिलं नाहीत."

कमल, या माणसाची मी तीस वर्षं चेष्टा केली. त्याच्या शालींची, त्याच्या ट्रॉफ्यांची, त्याच्या अग्रलेखातल्या 'सर्वसामान्य माणसा'ची. तूही केलीस. तुझी चेष्टा तुझ्यापुरती प्रामाणिक होती. माझ्या चेष्टेमागं मी लपलो होतो.

मी म्हटलं, हे सगळं लिहून देतो, छापा किंवा नका छापू. ते म्हणाले, "लिहा. पत्रही द्या, त्यांची ती दोन वाक्यंही द्या. डेस्कला सांगतो, हात लावू नका." मग म्हणाले, "त्यांच्या मुलीचा नंबर आहे?"

मी नंबर सांगितला. त्यांनी माझ्यासमोरच लावला. तुझ्या सभेत बोललेल्या त्या माणसाला मी ओळखतो. माईक समोर आला की तो वेगळ्या आवाजात बोलतो. हा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "प्रज्ञाताई, मी बोलतोय, पेपरातून. सभेत मी जे बोललो ते सगळ्यांसाठी होतं. तुमच्याशी बोलायचं राहिलं." काय विचारावं ते सुचत नसावं. मग म्हणाले, "घरी कोण कोण आहे तुमच्याजवळ?"

पलीकडून प्रज्ञानं काय उत्तर दिलं ते मी ऐकलं नाही. मी उठलो, बाहेर आलो आणि केबिनचं दार ओढून घेतलं. दोन माणसांच्या मधून बाजूला व्हायला मला चार वर्षं लागली, कमल, आणि तोवर त्या दोघांतली तू उरली नव्हतीस.